नेट कुणाचं?

दर दिवाळीला आमच्या घरात एक भांडण ठरलेलं असतं. माळ्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात कोंबलेलं फुटबॉलचं नेट आहे. एकच. गोलपोस्ट दोन असतात आणि नेटंही दोन लागतात, हे लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर बायकोलाही कळलंय, त्यामुळं तिचा मुद्दा बिनतोड असतो. "अर्ध्या वस्तूचं काय लोणचं घालालाय? टाकतो टाकतो म्हणून किती वर्षं झाली!" मी पोतं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवतो, दोन शिंका देतो आणि खाली उतरतो. एकदा धाकट्यानं विचारलं, "बाबा, माळ्यावर नेट आहे म्हणे?" त्याला वायफाय वाटलं होतं.

दुसरं नेट क्लबकडं होतं. ही वाटणी कशी झाली, ते आज लिहून टाकतो.

बेळगावात फुटबॉल म्हटलं की आधी कॅम्प. लष्कराची छावणी, मिशनच्या शाळा, मराठा लाईट इन्फंट्रीचे जवान, असा सगळा तिकडचा थाट. कॅम्पातली पोरं बूट घालून आणि एकमेकांना इंग्रजीत शिव्या देत खेळायची. आम्ही शहापूरचे. शहापूर म्हणजे एकेकाळी सांगली संस्थानाचा तुकडा. माग, साड्या आणि देवळांचे कट्टे. आमची पोरं अनवाणी खेळायची आणि शिव्या अर्थातच मराठीत. गल्लीत तालीम होती, गणपती होता, शिवजयंतीचा चित्ररथ होता. हे सगळं उरकून ज्या पोरांच्या अंगात अजून रग शिल्लक राहायची, त्यांनी क्लब काढला. क्लबला अध्यक्ष, सेक्रेटरी, लेटरहेड, रबरी शिक्का, सगळं यथासांग होतं.

ज्यांच्या पायात बॉल ठरत नव्हता असे आम्ही सात-आठ जण त्या क्लबच्या कडेला उरलो. मी तिसरा गोलकीपर होतो. पहिले दोन एकाच दिवशी आजारी पडावेत म्हणून मी कपिलेश्वराला नवस बोलायचा तेवढा बाकी होतो. शेवटी कुणीतरी माझ्या हातात वही दिली आणि म्हणालं, तू पैसे गोळा कर. तिथून आमचं 'मंडळ' सुरू झालं. नोंदणी नाही, शिक्का नाही. लाल कापडी बाइंडिंगची दोनशे पानी वही आणि एक ढोल, एवढीच इस्टेट. दर रविवारी माणशी दहा रुपये वर्गणी. ती वही अजून आहे. तिच्यात असल्या नोंदी सापडतात: लिंबू, साखर, आयोडेक्स, ढोलाचं चामडं, सिव्हिल हॉस्पिटलला रिक्षा जाऊन-येऊन. आणि एका पानावर, दोनदा अधोरेखित केलेलं: नेट, एक जोडी.

ती जोडी घेण्याआधी आम्ही नेट भाड्यानं आणायचो. स्वतःची नेटं पहिल्यांदा पोस्टला बांधली त्या संध्याकाळी आमच्या लेफ्ट आउटनं, म्हणजे डाव्या कडेनं खेळणाऱ्या पोरानं, उगाचच पंधरा-वीस बॉल आत मारले. बॉल नेटमध्ये गेल्यावर जो एक भरीव, मऊ 'धप्प' आवाज होतो तो ऐकायला आम्ही पोस्टमागं बसलो होतो. नायलॉनचा नवा वास यायचा त्याला. हाताला चिरे पडायचे गाठी आवळताना.

मग महापालिकेच्या निवडणुकीचं वर्ष आलं.

एका इच्छुकानं क्लबला जर्सीचा अख्खा संच दिला. कापड चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. पण पाठीवर, नंबरच्या वर, त्या इसमाचा फोटो. हात जोडलेला, गंध लावलेला. पोरं धावायला लागली, घाम आला, की कापड पाठीला चिकटायचं आणि तो माणूस रडल्यासारखा दिसायचा. समोरच्या टीमची पोरं आमच्या बॅकला ड्रिबल करून पुढं गेली की म्हणायची, "साहेबांना नमस्कार सांगा." आम्ही कट्ट्यावर हसलो आधी. मग चिडलो. फोटो कुणाचा, पक्ष कुठला, हा मुद्दा नव्हताच. आमच्यातच त्याला मत देणारे तिघं होते. मुद्दा हा, की आम्हाला कुणी विचारलं नाही. रविवारी सकाळी गडी गोळा करणारे आम्ही, लंगडणाऱ्याला पाठुंगळी मारणारे आम्ही, आणि जर्सी बघायला मिळाली ती मैदानावर, सगळ्या गावाबरोबर.

अध्यक्षांकडं गेलो. ते दुकानात होते. मापं घेता घेता म्हणाले, "जर्सीचे पैसे तुम्ही दिलाय काय?"

"नाही दिलो."

"मग?"

त्या 'मग'ला आमच्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून आमच्यातला एक जण फाडकन बोलून गेला, "मग आमची नेटं आम्ही नेतो." आणि बोललेलं करून दाखवायची वेळ आली. सामन्याच्या आदल्या रात्री मी आणि तो नेटं सायकलच्या कॅरियरला बांधून घरी घेऊन आलो. ढोलही आणला.

सामना नेटांशिवाय झाला. मैदान कुठलं, स्पर्धा कुठली, ते सोडून देतो. आम्ही ठरवलं होतं की नेहमीच्या जागी उभं राहायचं नाही आणि ओरडायचंही नाही. पण घरी तरी कसं बसणार? कंपाउंडच्या पडक्या भिंतीवर, बरोबर एका गोलपोस्टच्या मागं, चुपचाप ओळीनं बसलो. समोरच्या टीमचा एक गोल झाला होता. उत्तरार्धात, शेवटची आठ-दहा मिनिटं राहिली असतील, लेफ्ट आउटला डावीकडून मोकळीक मिळाली. त्यानं आत वळून मारला. बॉल जमिनीलगत, लांबच्या पोस्टच्या आतून, चांगला वीतभर आतून गेला आणि थेट आमच्या भिंतीवर आपटला. माझ्या चपलेपासून दोन हातांवर. विटेची लाल भुकटी बॉलला लागलेली मला दिसली.

रेफरी मधल्या वर्तुळाजवळ होते. लाइनमन उन्हाकडं तोंड करून. आत गेला की बाहेरून गेला? अडवायला नेट असतं तर प्रश्नच नव्हता. रेफरीनं क्षणभर इकडंतिकडं बघितलं आणि गोलकिक दिली, म्हणजे गोल नाही.

आम्ही आठ जण एकदम उभे राहिलो आणि तसेच थांबलो. मैदानावरच्या कुणाहीपेक्षा आम्हाला ते स्वच्छ दिसलं होतं, आणि आमच्या शब्दाला कवडीची किंमत नव्हती. एक तर आम्ही त्याच गल्लीचे. दुसरं, नेटं नेणारेही आम्हीच. लेफ्ट आउट बॉल न्यायला भिंतीपाशी आला. बॉल उचलला, वर बघितलं. बोलला काहीच नाही. त्याच्या पाठीवरचा माणूस घामानं गळत होता. आम्ही एक-शून्यनं हरलो. तो पोरगा त्यानंतर वर्षभर माझ्याशी बोलला नाही. आमच्या घराची भिंत सामाईक आहे, म्हणजे बघा.

प्रकरण गल्लीच्या पंचांपुढं गेलं. बेळगावच्या गल्ल्यांतून ही पंचांची रीत अजून आहे. देवळाच्या रंगापासून दोघा भावांच्या गटारापर्यंत सगळं त्यांच्यापुढं येतं. सगळ्यात वयस्कर पंचांना आम्ही अप्पा म्हणायचो. त्यांनी जन्मात फुटबॉलची मॅच बघितली नव्हती. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "ह्यात हात लावायचा नसतो म्हणे, खरं काय?" दोन्ही बाजूंनी तासभर घसा कोरडा केला. नेटाचे पैसे कुणी दिले, रजिस्ट्रेशन कुणाच्या नावावर, वही दाखवा, शिक्का दाखवा. अप्पांनी चहा संपवला, बशी पालथी घातली आणि म्हणाले, "नेटं किती?"

"दोन."

"एक हेनी ठेवून घेऊ दे, एक तेनी. खेळायचं असलं तर दोघांनी या. भांडायचं असलं तर दोघंबी घरी बसा."

जर्सीचं काय, असं मी विचारलं. अप्पा अध्यक्षांकडं वळले. "छापायच्या आधी कट्ट्यावर आणून दाखवायची. पैसं न देता बघायचा हक्क कसला, असं म्हणालात न्हवं? अरे, अंगात घालणार अकरा. बघणार कोण?"

झालं. निवाडा वहीत लिहिला, खाली अंगठ्यासकट सह्या घेतल्या.

क्लब आणि त्याची माणसं यांचं नातं काय असावं याबद्दल पुढं मी बरंच वाचलं-बघितलं. अप्पांच्या निवाड्यापुढं गेलेलं फार थोडं सापडलं.

कोल्हापूरला हा प्रश्न पडतच नाही, असं मला पूर्वी वाटायचं. माझं आजोळ तिकडचं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार असा सामना असला की मामा सकाळपासून जेवायचे नाहीत. तिथले संघ तालमींचे आणि तरुण मंडळांचे. जी तालीम गणपती बसवते, मोहरमात पंजे बसवते, तिचीच टीम. मामांना विचारलं की तुम्ही कुणाचे सपोर्टर, तर ते पेठेचं नाव सांगायचे. प्रश्नच त्यांना समजायचा नाही. क्लब वेगळा आणि सपोर्टर वेगळे, ही फट तिथं नाही. मला त्याचा हेवा वाटायचा. पण फट नसली की दुसरी पंचाईत होते. पेठेतल्या पोरांनी दगड मारला तर 'ती आमची माणसं नव्हेत' म्हणायची क्लबला सोय नाही, आणि क्लब चुकला तर 'हे आम्हाला मान्य नाही' म्हणायला पेठेत वेगळं कुणी उरत नाही. हुल्लडबाजीनं सामना थांबल्याच्या बातम्या वाचल्या की मला मामांची आठवण येते. ते अशा दिवशी पेपरच उघडायचे नाहीत.

मोठ्या क्लबांचं जवळून दर्शन घडलं ते मार्च २०२३ मध्ये. इंडियन सुपर लीगची फायनल गोव्यात, फातोर्ड्याला. आम्ही चौघं चोर्ला घाट उतरून गेलो. एका बाजूला बेंगळूरू एफसी, दुसऱ्या बाजूला एटीके मोहन बागान. आम्ही बेंगळूरूच्या बाजूनं. मराठी माणूस बेळगावचा, आणि बेंगळूरूच्या नावानं कसा ओरडतो, हे कोल्हापूरच्या मामेभावाला समजावता समजावता माझ्या तोंडाला फेस आला होता. गाडीवर कर्नाटकाचा केए-२२ नंबर आहे आणि बेंगळूरूचा सुनील छेत्री सगळ्यांचाच, एवढंच माझं म्हणणं. आमच्या जवळच 'वेस्ट ब्लॉक ब्लूज'ची पोरं होती. २०१३ मध्ये क्लब निघाला तेव्हा बेंगळूरूच्या जुन्या फुटबॉल स्टेडियमच्या वेस्ट ब्लॉकच्या पायऱ्यांवर जी मंडळी बसायची, त्यांनी त्या पायऱ्यांचंच नाव घेतलं. पुढच्या वर्षी क्लब कंठीरवा स्टेडियमवर गेला, नाव मात्र त्यांनी सोबत नेलं. हे मला फार आवडतं. मालकानं ठेवलेलं नाव नव्हे. आपण बसलो त्या जागेचं नाव. त्यांच्या कन्नड घोषणा आम्हीही दिल्या. शब्द अर्धे कळले, ताल पूर्ण कळला.

सामना दोन-दोन बरोबरीत सुटला आणि पेनल्टींवर कोलकात्याची टीम चार-तीननं जिंकली. आम्ही हिरमुसून पार्किंगकडं निघालो, तर हिरव्या-मरून रंगाचे लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. कप जिंकला म्हणून, असं आधी वाटलं. मग फोनवर बातमी दिसली. मालकानं जाहीर केलं होतं की क्लबच्या नावातलं 'एटीके' आता निघणार.

मोहन बागान १८८९ चा क्लब. १९११ मध्ये अनवाणी पायांनी (एक जण सोडून) ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकणारा. २०२० मध्ये फुटबॉल टीमचे ऐंशी टक्के शेअर एका उद्योगसमूहाकडं गेले आणि त्या समूहाच्या आधीच्या क्लबचं नाव बागानच्या पुढं येऊन बसलं. समर्थकांनी ते कधीच गिळलं नाही. सोशल मीडियावर मोहीम, रस्त्यावर निदर्शनं, बॅनर. टीम जिंकत होती तरी. पैसे घालणाऱ्यानं तिथंही मनातल्या मनात 'जर्सीचे पैसे तुम्ही दिलाय काय' असं विचारलंच असणार. १ जून २०२३ पासून क्लबचं नाव मोहन बागान सुपर जायंट झालं. 'सुपर जायंट' हेही मालकाच्याच क्रिकेट टीमचं शेपूट, हा भाग वेगळा. कोलकात्याच्या अप्पांनी एक नेट हिकडं, एक तिकडं केलेलं दिसतं.

पण मला रात्रभर झोप लागली नाही ती दुसऱ्याच एका गोष्टीनं. लिव्हरपूल. फेब्रुवारी २०१६. क्लबनं नव्या स्टँडमधलं सगळ्यात महाग तिकीट ७७ पौंडांचं करायचं ठरवलं. समर्थकांच्या संघटनांनी ठरवलं, की संडरलंडविरुद्धच्या सामन्यात ७७ व्या मिनिटाला उठून जायचं. त्या मिनिटाला दहा हजारांच्या आसपास लोक उठून निघून गेले. लिव्हरपूल तेव्हा दोन-शून्यनं पुढं होतं. सामना दोन-दोन बरोबरीत सुटला! आणि काही दिवसांत मालकांनी माफी मागून भाववाढ मागं घेतली.

मी हे वाचलं आणि आमची पडकी भिंत डोळ्यांपुढं आली. त्यांनीही रुसवा काढला, आम्हीही काढला. त्यांचेही दोन गोल गेले, आमचाही एक गेला. मग मलाच इतकी वर्षं का टोचतं? ते स्वतः उठून गेले. आम्ही नेट काढून नेलं. आपली जागा रिकामी करणं, आपला आवाज बंद करणं, हे आमच्या हातात होतं आणि आमचंच होतं. गोलपोस्टला हात लावायला नको होता. पावती माझ्या वहीत असली तरी, पोस्टला बांधलं त्या क्षणी ते नेट त्या लेफ्ट आउटचं झालं होतं. हे कुठल्या कायद्यात बसतं ते वकिलानं सांगावं.

जर्मनीत याला लीगच्या नियमाचंच रूप दिलंय. तिथल्या बहुतेक क्लबांत मतांचा बहुमताचा हिस्सा सभासदांकडंच राहायला हवा, त्याला ते पन्नास अधिक एक म्हणतात. २०२४ च्या सुरुवातीला लीगनं बाहेरचा गुंतवणूकदार आणायचं ठरवलं तेव्हा प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकफेकून सामने थांबवले आणि तो बेत रद्द करायला लावला. (म्हणजे खेळाला हात त्यांनीही लावला. त्यांना झोप लागली का, विचारायला हवं.) उद्यमबागेत आमच्या वर्कशॉपमध्ये मी हे पन्नास अधिक एक समजावून सांगत होतो, तर एक जण म्हणाला, "म्हणजे आपली पतसंस्थाच की!" बेळगावात प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या सोसायटीचा सभासद असतो. वार्षिक सभेला किती जण ताळेबंद बघतात आणि किती जण भेटवस्तूचा डबा स्टीलचा आहे का प्लास्टिकचा ते बघतात, हेही आम्हाला ठाऊक आहे.

मी स्वतः काय दिवे लावले तेही सांगतो.

निवाड्यानंतर चार-पाच वर्षं सगळं छान चाललं. शनिवारी संध्याकाळी क्लबचा माणूस त्यांचं नेट घेऊन यायचा, मी आमचं घेऊन जायचो, आणि बांधता बांधता दोघांचं जे काय असेल ते बोलून व्हायचं. गोलकीपरला शिव्या फार पडतात, जरा सांभाळून घ्या. रेफरीवर चप्पल टाकणारा तुमचा तो पोरगा कोण? नवीन जर्सीचा निळा फिका वाटतोय. असलं. गाठी आवळताना माणूस फार वेळ भांडू शकत नाही, दोन्ही हात गुंतलेले असतात.

मग क्लबनं मला कमिटीवर घेतलं. मंडळाचा माणूस आत असावा, म्हणून. आम्हाला वाटलं, जिंकलो. सामन्याला मी आता दोरीबाहेर उभा राहत नव्हतो. शामियान्याखाली प्लास्टिकची खुर्ची, कपबशीतून चहा. पहिल्या वर्षी मी मीटिंगमध्ये तीनदा भांडलो. दुसऱ्या वर्षी एकदा. तिसऱ्या वर्षी लीगच्या फीसाठी पैसे कमी पडत होते आणि एका बिल्डरचं नाव जर्सीवर घ्यायचं ठरलं, तेव्हा कट्ट्यावर दाखवायचं कशाला, मी आहेच की इथं, असं कुणीतरी म्हणालं. कुणीतरी म्हणजे मीच. क्लबचं नेटही तेव्हा सोयीसाठी आमच्याच माळ्यावर असायचं. शनिवारी दोन्ही नेटं मी एकटाच बांधायचो. जुनी पोरं दोरीपलीकडून हाक मारायची, "काय खुर्चीवाले, बरं हाय न्हवं?" मी हात हलवायचो.

मंडळ मोडलं असं कधी झालं नाही. वर्गणी द्यायला एक रविवारी दोघं आले नाहीत, पुढच्या रविवारी चौघं. ढोलाचं चामडं फाटलं ते कुणी बदललं नाही. क्लब त्यानंतर तीन-चार वर्षं टिकला. अध्यक्षांच्या मुलानं क्लबचं सामान नेलं तेव्हा त्यात त्यांचं नेट गेलं, ते पुढं आंब्याच्या झाडाखाली धरल्याचं कुणीतरी सांगितलं.

लेफ्ट आउट आता पुण्याला असतो. मागच्या शिवजयंतीला आला होता. चित्ररथ बघत शेजारी उभा राहिला आणि काही संबंध नसताना म्हणाला, "आत गेला होता बे." मी म्हणालो, "वीतभर आतून." तो म्हणाला, "वीतभर?" आणि बोटं पसरून वीत मोजून बघितली.

परवाच्या रविवारी गल्लीतली पाच-सहा पोरं दारात. कुणाच्या अंगात रियाल माद्रिद, कुणाच्या अंगात मँचेस्टर. तासावर भाड्यानं मिळणाऱ्या टर्फवर खेळणारी ही पिढी. पण पैसे संपले होते म्हणे, आणि मोकळ्या मैदानावर खांब रोवून ठेवले होते. "काका, तुमच्याकडं नेट हाय म्हणे."

माळ्यावरून पोतं काढलं. शिंका दिल्या. उंदरानं दोन ठिकाणी कुरतडलं होतं. अंगणात पसरून बसलो आणि नायलॉनच्या दोरीनं गाठी मारायला घेतल्या. पोरं भोवती उकिडवी बसली. बायको दारातून बघत होती.

"एकच आहे," मी म्हणालो.

"चालतंय की," त्यातला एक म्हणाला. "हाफटाईमला काढून तिकडं बांधतो."

हे आम्हाला कुणाला कधी सुचलं नव्हतं. वहीत लिहून घ्यावं म्हणून मी उठलो, तर पोरं नेट घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत पोचलीसुद्धा होती. एक टोक जमिनीवरून घासत चाललं होतं. मी ओरडलो, "अरे, उचलून धरा बे!"